अजाण बालकाची संमति

दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत, मग तें डोंबिवलींत असो कीं कल्याणांत, चहाचें आधण आणि रांगतें मूल यांच्यामध्यें अंतर तें किती असावयाचें! भांडें कलंडतें, मूल किंचाळतें, आणि बाप त्याला उचलून इस्पितळाकडे धांवतो. ठाणें जिल्ह्यांत ऐरोलीस नॅशनल बर्न्स सेंटर ही भाजलेल्यांसाठींच उभारलेली संस्था आहे. पण सर्वांनाच तेथवर पोंचतां येतें असें नाहीं.

समजा, अशा एखाद्या इस्पितळांत त्या बापापुढें नव्या उपायाच्या चाचणीचा कागद आला. जखमेवर स्पंज ठेवावयाचा, वरून पारदर्शक पापुद्रा हवाबंद चिकटवावयाचा, आणि पंपानें आंतील हवा व स्राव ओढून घ्यावयाचा, असा हा उपाय. अमेरिकेंत अर्जेंटा व मॉरिक्वास यांनीं तो १९९७ सालीं प्रसिद्ध केला. ब्रिस्बेन येथील मुलांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२० सालीं आले. नेहमींच्या पट्टीस या पंपाची जोड दिली असतां लहानसहान भाजण्याच्या जखमा लवकर भरल्या.

मोठ्यांस लागू पडलें तें मुलांस लावावें, चाचणी कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु मुलाची कातडी पातळ, अंगांतील रक्त थोडें. न तपासलेला उपाय मुलावर वापरणें हीहि चाचणीच होय; फक्त तिची नोंद कोणी ठेवीत नाहीं.

मग संमति कोणाची? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणें सात वर्षांवरील मुलाचाहि होकार घ्यावयाचा असतो. दीड वर्षाच्या मुलास काय विचारणार? उरला बाप. आधण कलंडलें तेव्हां आपण कोठें होतों, या विचारानें तो आधींच अर्धमेला झालेला; ज्याच्या हातीं मूल सोंपविलें त्या डॉक्टरास तो ‘नाहीं’ म्हणेल काय? ती सही कायद्यास पुरेल, आम्हांस पुरत नाहीं. जखम थांबत नाहीं, म्हणून वेळ फार देतां येणार नाहीं हें खरें. पण विचारणारा मनुष्य तरी उपचार करणाऱ्याहून वेगळा असावा.

दुसरी गोष्ट पैशाची. तयार यंत्र महाग, म्हणून आपल्याकडे कित्येक डॉक्टर इस्पितळाच्या भिंतींतील शोषण-नळीलाच स्पंज जोडून काम भागवितात. तेव्हां त्या कागदावर आम्ही आणखी एक ओळ मागूं: चाचणी संपल्यावर हा पंप येथेंच राहणार, कीं परत जाणार?