गळा आणि भाव

'तयारी दांडगी, पण भाव नाही' हा शेरा मैफल संपून चहा येईपर्यंत ठरलेला असतो. मला ही फाळणीच मंजूर नाही.

1952 सालच्या 'बैजू बावरा' चित्रपटात तानसेन आणि बैजू यांचा सामना आहे. तानसेनासाठी अमीर खाँ गायले, बैजूसाठी द. वि. पलुस्कर. बैजू जिंकतो, म्हणून भाव जिंकला, कसब हरले, असे लोक खुशाल सांगतात. अहो, तो निकाल कथालेखकाचा! तानांना तिथे दोघेही कमी पडलेले नाहीत.

हे पलुस्कर आमच्या नाशिकचे. वडील विष्णु दिगंबर यांनी पंचवटीत रामनामाचा आश्रम काढला होता. ते 1931 साली गेले, तेव्हा मुलगा अवघा दहा वर्षांचा. पुढे विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास यांच्याकडे त्याने मेहनत केली आणि 1955 साली, चौतिसाव्या वर्षी, तोही गेला. त्यांच्या भजनांच्या ध्वनिमुद्रिका ऐका. शब्द स्वच्छ, स्वर सरळ, क्वचित एखादी हरकत. तानेच्या गर्दीत एखादा स्वर किंचित उतरला तरी खपून जातो. या लांबवलेल्या स्वराला लपायला जागाच नाही. तो स्थिर राहतो तो मेहनतीवर.

तान येत असून न घेणे हा संयम. येतच नसेल, तर त्या साधेपणाला काय म्हणावे? आमच्या शेजारच्या काकू रोज पहाटे देवापुढे गातात. भाव भरपूर असतो, शंकाच नाही. पण तो देवापाशी राहतो. भिंतीतून माझ्यापर्यंत पोचतो तो नुसता आवाज.