सस्पेन्स अकाउंट

मराठीतला सर्वांत निर्दय शब्द कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी क्षणाचाही विलंब न लावता 'क्रमशः' असं सांगेन. 'थकबाकी' हा शब्दही काही फार प्रेमळ नाही. पण त्याच्याशी माझा रोजचा घरोबा आहे. शिवाय थकबाकीत आपलं काय अडकलंय ते माणसाला निदान आकड्यात सांगता येतं. 'क्रमशः'त तेही नाही. राजपुत्र कड्याला लोंबकळतोय, खाली मगरी आ वासून बसल्यात, वर राक्षस दोर कापतोय, आणि पानाच्या उजव्या कोपऱ्यात कंसात, बारीक अक्षरांत : क्रमशः. मासिकांच्या जमान्यात ही शिक्षा एका महिन्याची असे. आता ती जन्मठेपेवर गेली आहे.

हे ज्ञान मला माझ्या भाच्याकडून झालं. भाचा इंजिनियर आहे, त्याचा पगार माझ्यापेक्षा जास्त आहे (ही माहिती आमची ताई न विचारता पुरवते), आणि तो अद्‌भुतकथा नि विज्ञानकथांचा भक्त आहे. एरवी देवळासमोरूनही हात न जोडता जाणारा हा मुलगा, पण गोष्टीत ड्रॅगन आला की मान आदराने खाली घालतो. एकदा मी त्याला विचारलं, "काय रे, सध्या काय वाचतोस?" बाकीची माणसं असल्या प्रश्नाला पुस्तकाचं नाव सांगतात. हा म्हणाला, "मामा, सध्या वाट बघतोय."

चौकशी केल्यावर कळलं की ह्या पंथातल्या निम्म्या लोकांचं मुख्य वाचन हेच आहे. ह्यांची गोष्ट एका पुस्तकात मावत नाही. ती खंडांत असते, आणि एकेक खंड आमच्या जुन्या लेजरएवढा. वाचक सध्याचा खंड वाचतो, मग मागचे विसरलेत म्हणून ते पुन्हा वाचतो, आणि मग आढ्याकडे बघत बसतो.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचंच बघा. त्यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' ह्या मालेचा पहिला खंड 1996 साली आला. ठरले होते तीन. मग म्हणाले सात. (गृहकर्जाच्या अंदाजपत्रकांचा मला अनुभव असल्याने ह्यात मला काहीच नवल वाटलं नाही.) पाचवा खंड 2011 च्या जुलैत आला. सहाव्याचं नाव जाहीर झालं, 'द विंड्स ऑफ विंटर'. मग वाचक बसले वाट बघत. 2016 च्या जानेवारीत मार्टिननी स्वतःच लिहिलं, की ठरलेली मुदत हुकली. मधल्या काळात त्यांच्या गोष्टीवरची दूरदर्शन मालिका पुस्तकांच्या पुढे निघून गेली आणि 2019 मध्ये संपलीसुद्धा. म्हणजे आपण पाया भरतोय तोवर शेजाऱ्याने आपलाच नकाशा घेऊन घर बांधलं, वास्तुशांत केली आणि जेवणावळी उठल्या! त्याच वर्षी मार्टिननी लेखी सांगितलं, की पुढल्या वर्षी मी न्यूझीलंडच्या संमेलनाला येईन. तेव्हा हातात पुस्तक नसलं तर मला तिथल्या ज्वालामुखीच्या बेटावर खोपटात कोंडून घाला. आजवर मी कर्जाला तारण म्हणून घर बघितलंय, सोनं बघितलंय, एकदा म्हैस बघितली आहे. पण कर्जदार स्वतःलाच तारण ठेवतोय हे प्रथमच ऐकलं. 2020 साली ते संमेलन महामारीमुळे घरबसल्या भरलं. खंड आला नाही, आणि खोपटंही रिकामंच राहिलं.

"मामा, हा विश्वासघात नाही का?" भाचा म्हणाला.

"कसला विश्वासघात?" मी म्हटलं. "पाच खंडांचे पैसे दिलेस, पाच खंड मिळाले. खातं निल."

"नाही मामा. पाचव्या खंडाचे पैसे मी पाचव्या खंडासाठी दिलेच नव्हते. सहावा येणार म्हणून दिले होते."

आता आली का पंचाईत! एका हाताने माल घेतला आणि दुसऱ्या हाताने आशा घेतली. मालाचं बिल आहे, आशेचं नाही. ही नोंद कुठल्या बाजूला करायची, हे आमच्या बी.कॉम.च्या एकाही पुस्तकात दिलेलं नव्हतं. पण हा प्रश्न काही ड्रॅगनवाल्यांपुरता नाही. ज्याने नुसती गोष्ट सुरू केली, तो ती पुरी करायला बांधलेला आहे का?

नील गेमन या लेखकाला 2009 साली एका वाचकाने हेच विचारलं होतं, तेही मार्टिन यांच्याबद्दलच. त्यांनी दिलेलं उत्तर आमच्या काउंटरवर उच्चारता येणार नाही. पण मतितार्थ असा, की मार्टिन काही तुमचे गडी नव्हेत. पुस्तक घेतलंत म्हणजे करार केला नाहीत. कायद्याने हे बिनतोड आहे. पण कायदा म्हणाल तर मुदतीचा कायदा मलाही येतो. साधं कर्ज तीन वर्षांत मागितलं नाही तर कोर्टात ते बुडीत; मात्र त्या आत कर्जदाराने 'देणं आहे' असं नुसतं लिहून सही केली की तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून सुरू. म्हणून मुरलेला कर्जदार चहा पाजेल, मुलाच्या मुंजीला बोलावेल, पण कागदावर सही करणार नाही. मार्टिन मात्र वर्षानुवर्षं लिहीत राहिले, की काम चालू आहे, उशीर होतोय. ज्याला देणं मान्यच नाही तो असं कशाला लिहील? त्यांचा वकील कायद्यावर बोट ठेवील. ते स्वतः मात्र कबुलीची सही करून बसले आहेत.

बरं, देणं आहे असं धरलं. वसुली कशी करणार? ट्रॅक्टर जप्त करून आणता येतो. सहावा खंड जप्त करून आणायचा म्हणजे कुठून?

इथे स्टीफन किंग यांची हकीकत सांगायलाच हवी. त्यांच्या 'द डार्क टॉवर' मालेचा पहिला खंड 1982 चा, आणि पुढले खंड त्यांच्या लहरीप्रमाणे. मधल्या काळात त्यांना एका म्हाताऱ्या बाईंचं पत्र आलं. कर्करोग झालेला, हातात साधारण वर्ष उरलेलं. गोष्ट शेवटी कुठे जाते तेवढं सांगाल का, मी कुणाला सांगणार नाही, असं त्यांनी विचारलं होतं. पुढे फाशीच्या एका कैद्याचंही तसंच पत्र आलं. गुपित आपल्याबरोबरच जाईल, अशी हमी त्यानेही दिली होती. किंग लिहितात, की मी दोघांनाही सांगितलं असतं. पण मलाच माहीत नव्हतं.

हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून जरा वेळ बसलो. दर नोव्हेंबरात आमच्या काउंटरपुढे पेन्शनर मंडळींची रांग लागते, हयातीचा दाखला द्यायला. त्यांच्यातले एक गृहस्थ मला दर वर्षी म्हणतात, "लिहून घ्या, अजून आहे." त्यांच्या मागे उभं राहणारे एक होते, ते गेल्या वर्षीपासून येत नाहीत. 'क्रमशः' लिहिणाऱ्याला वाटतं वाचक कुठे जातोय? वाचकालाही वाटतं लेखक कुठे जातोय? हयातीचा दाखला दोघांकडूनही कुणी मागत नाही. किंग यांना स्वतःलाच 1999 साली रस्त्यावर एका व्हॅनने उडवलं. ते वाचले, आणि राहिलेले तीन खंड त्यांनी 2003-04 मध्ये पुरे करून टाकले.

त्या बाईंना नकार मिळाला नव्हता. तिजोरीच रिकामी होती, हे लक्षात घ्या. आम्ही समजतो लेखकाने शेवट कपाटात कुलूप लावून ठेवलाय आणि किल्ली कमरेला आहे. कपाटात काही नसतं. म्हणून माझ्यापुरता मी असा निकाल दिला आहे, की लेखक पुस्तकाचं देणं लागत नाही. जे अजून जगात नाही ते कुणी कुणाला द्यायचं? तो देणं लागतो ते खऱ्या बोलण्याचं. जमत नसेल तर जमत नाही म्हणावं. 'पुढल्या वर्षी नक्की' हे आपल्यालाच पटत नसताना म्हणू नये. उशीर हा गुन्हा नाही; खोटी तारीख हा आहे.

आणि गोष्ट अपुरी ठेवायचाही हक्क असतो. टेरी प्रॅचेट हे 'डिस्कवर्ल्ड'वाले विनोदी लेखक 2015 साली गेले. त्यांची इच्छा होती, की आपलं अपुरं लेखन कुणाच्या हाती लागू नये. 2017 च्या ऑगस्टमध्ये दहाएक अपुऱ्या कादंबऱ्या असलेल्या त्यांच्या हार्ड डिस्कवरून वाफेवर चालणारा जुना रोडरोलर फिरवण्यात आला. भाचा हे सांगताना हळहळत होता. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "बरोबरच केलं. अर्धी कच्ची पोळी कुणी ताटात वाढतं का?"

आता वाचकाचीही बाजू तपासायला हवी. आमच्याकडे दोन्ही बाजू जुळल्याशिवाय घरी सोडत नाहीत. इतका मार खाल्लेले काही वाचक शहाणे झाले आहेत. ते म्हणतात, सगळे खंड आल्याशिवाय आम्ही पहिल्यालाही हात लावणार नाही. वरवर पाहता हुशारी. पण सगळेच असे हुशार झाले तर पहिला खंड खपणार नाही. तो खपला नाही तर प्रकाशक दुसरा काढणार नाही. आणि माला पुरी होणारच नाही. बँकेत ह्याचा अनुभव आहे. बँक बुडेल ह्या भीतीने सगळे ठेवीदार एका सकाळी दारात उभे राहिले, की धडधाकट बँकही बुडते. म्हणजे गोष्ट पुरी व्हायची तर कुणीतरी अपुऱ्या गोष्टीवर पैसे लावणारा भोळा लागतोच. ब्रँडन सँडर्सन या लेखकाने 2022 च्या मार्चमध्ये वाचकांकडे न छापलेल्या चार पुस्तकांसाठी दहा लाख डॉलर मागितले. 1 लाख 85 हजारांवर लोकांनी मिळून 4 कोटी 17 लाख दिले, बिनतारणी. मात्र ह्या गृहस्थाने चारही पुस्तकं आधी लिहून ठेवलेली होती. तिजोरी भरून मग काउंटर उघडला. पत अशी राखायची असते. आणि रेबेका यारोस यांच्या ड्रॅगनमालेचा तिसरा खंड 2025 च्या जानेवारीत आला, तो पहिल्या आठवड्यात 27 लाख प्रती खपला. पाच खंड होणार असं ठरलेलं असताना! मार्टिनकडून पोळलेली मंडळीही त्या रांगेत असणारच. ह्यांना मूर्ख म्हणावं असं मला आता वाटत नाही. जगातल्या गोष्टी ह्यांच्या जिवावर पुढे सरकतात.

राहता राहिला वारसाचा प्रश्न. कायदा सांगतो, वारसाने मयताचं देणं फेडायचं ते वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतंच. खिशातलं घालायची सक्ती नाही. रॉबर्ट जॉर्डन 2007 मध्ये गेले तेव्हा त्यांची 'व्हील ऑफ टाइम' माला अपुरी होती. त्यांच्या पत्नीने ह्याच सँडर्सनना बोलावलं; त्यांनी टिपणांवरून तीन खंड लिहिले आणि 2013 साली चौदावा खंड काढून माला संपवली. आपल्याकडे 'चंद्रकांता'वाले देवकीनंदन खत्री 1913 मध्ये गेले, त्यांची 'भूतनाथ' अपुरी राहिली. ती मुलाने, दुर्गाप्रसाद यांनी, पुरी केली.

आणि सर्वांत जुनं खातं तर सातव्या शतकातलं आहे. हर्षवर्धनाच्या पदरी असलेला बाणभट्ट एक अद्‌भुत गोष्ट लिहीत होता : बोलणारा पोपट, शाप, तीन-तीन जन्म, खाली उतरलेला चंद्र. भाच्याला द्यावी अशी. पत्रलेखा चंद्रापीडाला त्याच्या प्रियेची अवस्था सांगतेय, आणि ती बोलत असतानाच बाण गेला. हे असलं 'क्रमशः' कुठल्या संपादकालाही सुचलं नसतं. मुलाने ती गोष्ट पुरी केली, आणि आरंभी सांगून टाकलं, की मी हे कवी म्हणून मिरवण्यासाठी करत नाही. गोष्ट अपुरी राहिल्याचं भल्या लोकांना दुःख होतंय, ते मला बघवलं नाही.

त्या गोष्टीच्या नायिकेचं नाव कादंबरी. मराठीत आपण 'नॉव्हेल'ला जे म्हणतो ते हेच नाव. म्हणजे वाचनालयात जाऊन आपण "एखादी चांगली कादंबरी द्या" म्हणतो, तेव्हा एका अपुऱ्या राहिलेल्या पुस्तकाच्या नावाने मागत असतो.

बँकेत सस्पेन्स अकाउंट नावाचं एक खातं असतं. नोंद कुठे टाकायची ते कळत नसलं की ती तात्पुरती तिथे ठेवतात. ऑडिटर दर वर्षी येऊन त्या खात्यावर बोट ठेवतो आणि विचारतो, ही जुनी नोंद अजून का पडून आहे? बाणाच्या मुलाने केलं ते देणं फेडणं नव्हतं, कारण कुणी मागितलं नव्हतं. दान म्हणावं तर त्याने ते आपलं कर्तव्य असल्यासारखं केलं. वाचकाने अपुऱ्या खंडावर लावलेले पैसे हे कर्ज नव्हे, खर्चही नव्हे. ह्या सगळ्या नोंदी मी माझ्यापुरत्या त्या खात्यात ठेवल्या आहेत. ऑडिटरने विचारलंच तर सांगणार आहे, की साहेब, तेराशे-चौदाशे वर्षं पडून आहेत, राहू द्या. अजून चौकशीला माणसं येतात.