खुलभर तेलाची कहाणी

माणूस मेल्यावर त्याच्या आत्म्याचे पुढे काय होते, याचा आपल्या पूर्वजांनी फार खोलात जाऊन विचार केला आहे. गरुडपुराण उघडून पाहा. मुक्काम कुठे कुठे, वाटेत वैतरणी कशी लागते, त्या वैतरणीत काय काय वाहते, सगळे तपशीलवार दिलेले आहे. (मुंबईकर त्याच नावाच्या नदीचे पाणी नळाने पितात, पण तो विषय वेगळा.) मात्र चकल्या तळून झाल्यावर कढईत उरलेले तेल मोरीत ओतले, तर त्या तेलाचे पुढे काय होते, यावर एकाही ऋषीने एक श्लोक खर्ची घातलेला नाही. जाळीखाली गेले, संपले! आत्मा अमर आणि तेल तेवढे नश्वर, अशी आपली एकंदर श्रद्धा दिसते.

वस्तुस्थिती अशी की, आत्म्याचे मला ठाऊक नाही, पण तेल भलतेच चिवट असते. कढत असताना ते पाण्यासारखे शहाण्यासारखे वाहते. दोन वळणे गेली की गार होते, घट्ट होते आणि पाइपाला मिठी मारून बसते. तूप, डालडा, रश्श्यावरचा तवंग, केक करणाऱ्या सुनेचे लोणी, सगळ्यांची हीच तऱ्हा. यावर घराघरांत एक रामबाण उपाय सांगितला जातो : वरून कढत पाणी ओता आणि चमचाभर साबणाची पावडर टाका. त्याने तेल हलते खरे. पण हलले म्हणजे गेले असे नव्हे. सरकारी खात्यातला नको असलेला माणूस बदली झाली म्हणून नोकरीतून जात नाही, तो फक्त दुसऱ्या गावाच्या डोक्यावर बसतो. तेलाचीही अशीच बदली होते. आपल्या पाइपातून सोसायटीच्या चेंबरात, चेंबरातून रस्त्याखालच्या गटारात.

तिथे गेल्यावर तर कमालच होते. सांडपाण्यात तेला-तुपाची फोड होऊन त्याची आम्ले सुटतात. पाण्यात आणि काँक्रीटमध्ये कॅल्शियम असतेच. दोघांची गाठ पडते आणि जे जन्माला येते त्याला रसायनशास्त्रात साबण म्हणतात. होय, साबणच! फक्त हा फेस करणारा सुगंधी नव्हे, दगडासारखा कडक. साबणाने गटार तुंबते, ही गोष्ट जाहिरातवाल्यांनी आपल्यापासून लपवून ठेवलेली आहे.

या दगडाचा सर्वांत नामांकित नमुना २०१७ साली लंडनमध्ये सापडला. व्हाइटचॅपल भागातल्या रस्त्याखाली, राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या गटारात, सुमारे २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा चरबीचा खडक अडकून बसला होता. ओले रुमाल, लंगोट आणि असल्याच चिजा त्यात रुतलेल्या. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीची इतकी घाण सुटली की पार्लमेंटातल्या सभासदांना बसवेना, आणि मग बॅझल्जेट नावाच्या इंजिनियराकडून त्या शहराने ही गटारे बांधून घेतली. दीडशे वर्षे ती टिकली. तळलेल्या मासळीपुढे मात्र त्यांनी हात टेकले. खडक फोडायला कित्येक आठवडे लागले. बऱ्याचशा चरबीचे बायोडिझेल केले आणि एक तुकडा २०१८ साली चक्क लंडनच्या संग्रहालयात काचेआड मांडला. लोक रांगा लावून बघायला आले. इंग्रज माणूस कशाचे म्युझियम करील सांगता येत नाही. पण मला ते आवडले. आपण काय ओततो ते कोणी तरी आपल्याला एकदा काचेतून दाखवलेच पाहिजे.

अर्थात त्यासाठी लंडनचे तिकीट काढायची गरज नाही. दिवाळी झाल्यानंतरच्या पंधरवड्यात कोणत्याही सोसायटीच्या मागच्या अंगणात जावे. आमच्या इमारतीत मागे एकदा असेच चेंबर चोकप झाले आणि तळमजल्याच्या बाथरूममध्ये वरच्या मजल्यांचे पाणी पाहुणे म्हणून आले. तातडीची सभा भरली. प्लंबरने झाकण काढून आतला पांढरट गोळा एका फळीवर ठेवला होता, तो पुराव्याचा मुद्देमाल. सभेत जे निष्पन्न झाले ते ऐकण्यासारखे होते. एकांकडे तळण होतच नाही, कारण यजमानांना कोलेस्टेरॉल. दुसऱ्यांनी एअर फ्रायर घेतलेला. तिसरे दोघेच, मुलगा सिअॅटलला, त्यांना कसली भजी लागताहेत! एका वकिलांनी, चेंबर आपल्या हद्दीत की महापालिकेच्या, एवढाच मुद्दा लावून धरला. सेक्रेटरींनी कागदावर नोंदवलेल्या माहितीनुसार चोवीस बिऱ्हाडांत गेल्या वर्षात कोणीही काही तळलेले नव्हते. मग श्रावण ते कार्तिक आमच्या जिन्यात जो वास दरवळतो तो चंदनाचा असावा.

एक निवृत्त काका तेवढे प्रामाणिक निघाले. ते म्हणाले, "अहो, ओततो मी. चमचा-दोन चमचे. माझ्या एका चमच्याने काय होतंय?"

हे वाक्य हसण्यावारी नेण्यासारखे नाही. कारण ते खरे आहे! एका चमच्याने काहीच होत नाही. काकांनी आजन्म तेल ओतले नसते तरी ते चेंबर त्याच आठवड्यात, फार तर दुसऱ्या दिवशी, तुंबलेच असते. मग काकांचे चुकले काय?

जोनाथन ग्लोव्हर नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७५ साली या पेचावर एक गोष्ट रचली. शंभर गावकरी जेवायला बसले आहेत, प्रत्येकाच्या ताटात शंभर शेंगदाणे. (त्याच्या गोष्टीत घेवड्याचे दाणे आहेत, पण आपल्याला शेंगदाणे बरे समजतात.) शंभर दरोडेखोर येतात, प्रत्येक जण एकेक ताट पळवतो. गुन्हा उघड आहे. पण पुढे दरोडेखोरांना सदसद्विवेकबुद्धी टोचू लागते. ते युक्ती काढतात. पुढच्या खेपेला प्रत्येक दरोडेखोर प्रत्येक ताटातला फक्त एक दाणा उचलतो. एक दाणा गेल्याने कोण उपाशी राहते? कोणीच नाही. सगळे दरोडेखोर निष्पाप मनाने घरी जातात. गावकरी मात्र मागच्या इतकेच उपाशी.

आपल्याकडे हीच गोष्ट उलट्या बाजूने श्रावणी सोमवारी सांगतात. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा आहे. सगळ्या गावाचे दूध ओतले तरी भरत नाही. एक म्हातारी मुलाबाळांना पाजून, वासरांना पाजून, उरलेले खुलभर दूध आणून ओतते आणि गाभारा भरतो. तात्पर्य काहीही असो, खुलभराने फरक पडतो हे आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. फरक पडतो तो पुण्याच्या बाबतीत. थेंबे थेंबे तळे साचते ते पैशांचे. पापाचा थेंब मात्र आपण थेंबच मानतो. चित्रगुप्ताच्या वहीत 'किरकोळ खर्च' असा एखादा रकाना असणार आणि आपले सगळे व्यवहार त्यातच पडणार, अशी आपली खात्री.

शिवाय कहाणीतला राजा पाळतीवर बसला आणि त्याने म्हातारीला शोधून काढले. आमच्या चेंबरपाशी कोण पाळत ठेवणार? तेलाला आडनाव नसते. फळीवरच्या त्या गोळ्यात देशस्थांचे किती, कोकणस्थांचे किती (कमी असणार, ते तेल पुन्हा वापरतात) आणि चवथ्या मजल्यावरच्या गुजराती बिऱ्हाडाचे किती, हे ब्रह्मदेवालाही वेगळे काढता येणार नाही. आणि ज्या गोष्टीत आपले नाव सापडत नाही ती आपण केलीच नाही, हे आपले नीतिशास्त्र.

गटाराच्या या टोकाला नाव नसते. दुसऱ्या टोकाला मात्र असते. तिथे एक माणूस उभा असतो.

त्या दिवशी दोघे जण आले. बांबूच्या लांब कामट्या, एक बादली, एक दोरी. कामट्या घालून घालून थकले, गोळा हलेना. मग त्यातला धाकटा, असेल विशीतला, शर्ट काढू लागला. आत उतरतो म्हणाला. पाचशे रुपये जास्त पडतील. आणि मंडळी, आमच्या सभेत पाचशेचे तीनशे करण्यावर चर्चा सुरू झाली. माणसाने उतरावे की नाही हा विषयच नव्हता. भाव हा विषय होता.

अशा चेंबरात काय असते ते सांगतो. तुंबलेल्या पाण्यात घाण कुजून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. थोडा असला तर कुजक्या अंड्यांचा वास येतो. जास्त झाला की वास येणेच बंद होते, कारण नाकच बधिर होते. आता बरे वाटते आहे, असे म्हणेपर्यंत माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. म्हणून अशा बातम्यांत मेलेले बहुधा एकटे नसतात. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले. कायदा झाल्यावर दहा वर्षांनी न्यायालयाला आकडा वाढवावा लागतो, यावरून काय ते समजावे. उतरणारी माणसे वर्षानुवर्षे त्याच ठरावीक जातींतून येतात, हेही आपल्याला ठाऊक असते. आपण ते सभेत बोलत नाही, इतकेच.

आमच्याकडे बोलल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी. गॅलरीतूनच ओरडल्या, "ए बाळा, उतरायचं नाही! वर ये, चहा घे आधी." आणि सेक्रेटरींना, "मशीनची गाडी येईपर्यंत आम्ही अंघोळी नाही करणार. कोणी मरत नाही." गाडी यायला दोन दिवस लागले. दोन दिवस चोवीस बिऱ्हाडांनी अंग पुसून दिवस काढले आणि आजींना मनातल्या मनात आशीर्वाद दिले. चहा कोणत्या कपातून द्यायचा यावरही एका स्वयंपाकघरात कुजबुज झाली. आजींनी आपले कप काढले.

आजींच्या मते हा सगळा घोटाळा राखेमुळे झाला, म्हणजे राख गेल्यामुळे. चुलीची राख आणि नारळाची शेंडी यांनी भांडी घासत, तेव्हा तेलकटपणा राख पिऊन टाकी आणि पाणी परसातल्या अळवाला जाई. तळणीचे तेल तर कोणी टाकतच नसे. ते फोडणीला, मग दाराच्या बिजागरीला. यात पर्यावरण वगैरे काही नव्हते, शुद्ध चिक्कूपणा होता. मात्र त्या काळाचे फार गोडवे गाऊ नयेत. तेव्हा चेंबर तुंबत नसेल, पण मागच्या दाराने टोपली उचलायला माणूस येतच होता.

आता पुन्हा पुन्हा तापवलेले तेल पोटालाही वाईट. त्याची मर्यादा २०१८ पासून सरकारने ठरवून दिली आहे. हॉटेलवाल्यांसाठी ग्रीस ट्रॅप नावाची पेटी असते. तिच्यात पाणी संथ होते, चरबी वर तरंगते आणि ती काढून टाकायची असते. पुष्कळ ठिकाणी पेटी असते, काढणारा नसतो. घरी मात्र काम सोपे आहे. तेलकट ताट-कढई धुण्याआधी रद्दीच्या कागदाने पुसायची. अग्रलेखाचे पान त्याला उत्तम. आणि उरलेले तेल गार करून बाटलीत भरायचे. त्याचे बायोडिझेल होते.

आमच्या हिने अशी दीड लिटरची बाटली भरली. सहा महिने ती कपाटाखाली गंगाजलासारखी बसून होती. गेल्या रविवारी भंगारवाला आला तेव्हा मी ती मोठ्या अपेक्षेने त्याच्यापुढे ठेवली. त्याने उजेडात धरून पाहिली.

"तेल नको साहेब. बाटली घेतो. रिकामी करून द्या."

"कुठे रिकामी करू?"

"मोरीत ओता की!"