बिघाडाचे कारण आणि ज्ञानाची कसोटी

मोटारीतला विजेचा बिघाड स्वतः दिसत नाही. दिसतो तो त्याचा परिणाम. सकाळी किल्ली फिरवली की सेल्फ नुसता ‘कट्’ करून थांबतो, बॅटरीचा लाल दिवा विझत नाही, ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मंदावतो. कार्य समोर आहे आणि कारण पत्र्याआड, अशा वेळी ‘हे अमक्यामुळे झाले’ असे म्हणण्याचा अधिकार कधी मिळतो? न्यायदर्शनाने शतकानुशतके चर्चिलेला हा प्रश्न आहे. धुरावरून डोंगरावरच्या अग्नीचे अनुमान करणे हे त्या चर्चेतले नेहमीचे उदाहरण. घरच्या गाडीचे बॉनेट उघडणारा वायरमन नेमके तेच काम करत असतो, आणि ते नीट झाले की नाही हे ठरवायला नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांच्या, कसोट्या आजही पुरेशा पडतात.

अनुमानाचा पाया व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टींचे कधीही न मोडणारे साहचर्य. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती खरी. उलट, जिथे अग्नी तिथे धूर, ही खोटी. कारण धुराला ओले सरपणही लागते. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अशा दडलेल्या अटीला उपाधी म्हणतात. गाडीच्या बाबतीत सर्वाधिक चुका या उपाधीकडे दुर्लक्ष केल्याने होतात. बॅटरी उतरली की सेल्फ फिरत नाही, हे खरे. म्हणून सेल्फ फिरला नाही की बॅटरी उतरलेलीच असणार, असे म्हणता येत नाही. टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवा थर, इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी सैल अर्थिंगची पट्टी, सेल्फमधले झिजलेले कार्बन, यांपैकी कशानेही तोच आवाज येतो. हा हेतू, म्हणजे अनुमानाला आधार दिलेली खूण, सव्यभिचारी आहे, म्हणजे अनेक घरी वावरणारा.

कारण कशाला म्हणावे, याचे उत्तर सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’तून विद्यार्थी शिकत आले आहेत. कार्याच्या आधी जे नियमाने असते आणि जे अन्यथासिद्ध नसते, ते कारण. अन्यथासिद्ध म्हणजे जे तिथे असते खरे, पण ज्याच्यावाचून काही अडत नाही. घड्यासाठी माती वाहून आणणारे कुंभाराचे गाढव हे त्याचे ठरलेले उदाहरण: ते घड्याच्या आधी हजर होते, तरी घड्याचे कारण नव्हे.

बॅटरी बदलण्याचा व्यवहार या कसोटीवर घासून पाहावा. गाडी सुरू होत नाही. नवी बॅटरी बसवली. गाडी सुरू झाली. निष्कर्ष निघतो की जुनी बॅटरी गेली होती. पण नवी बॅटरी बसवताना दोन्ही टर्मिनल सोडवली गेली, काचकागदाने घासली गेली आणि पुन्हा घट्ट आवळली गेली. टर्मिनलवरचा रोध ०.०१ ओहम इतका क्षुल्लक असला, तरी सेल्फ १५० अँपिअर ओढू लागताच तिथेच दीड व्होल्ट खर्ची पडतो. हेडलाइटच्या ५५ वॉटच्या दोन बल्बना मात्र साधारण ९ अँपिअर पुरतात. तेवढ्या प्रवाहाला त्याच टर्मिनलवर व्होल्टचा दहावा हिस्सासुद्धा जात नाही. म्हणून दिवे लखलखीत लागतात आणि ‘टर्मिनल ठीक आहे’ हे दुसरे चुकीचे अनुमान तयार होते. प्रत्यक्षात दोष टर्मिनलचा होता. नवी बॅटरी अन्यथासिद्ध होती आणि पैसे तिचेच मोजले गेले.

यावर उपाय अन्वय आणि व्यतिरेक: हे असता ते असते, हे नसता ते नसते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बाकी सर्व तसेच ठेवावे, हा या दोन शब्दांचा गॅरेजमधला अर्थ. आधी जुनीच बॅटरी ठेवून टर्मिनल साफ करावे. रिलेचा संशय असेल तर हॉर्नचा तशाच जातीचा रिले त्या जागी लावून पाहावा. चरकसंहितेत रोगनिदानाच्या पाच साधनांत ‘उपशय’ आहे. औषध, आहार किंवा विहार देऊन, त्याने बरे वाटते का यावरून रोग ओळखणे. रिलेची अदलाबदल हा उपशयच. रात्रभरात बॅटरी उतरत असेल तर व्यतिरेकाचा उपयोग फार सुंदर होतो. मीटर सिरीजमध्ये लावून गाडीतली यंत्रणा झोपी जाईपर्यंत थांबायचे. काही गाड्यांना यासाठी अर्धा तासही लागतो. त्यानंतर प्रवाह साधारण ५० मिलिअँपिअरच्या खाली यायला हवा. येत नसेल तर एकेक फ्यूज काढत जायचे. ज्या फ्यूजनंतर आकडा कोसळतो, त्या वाटेवर चोरटा प्रवाह आहे. मात्र मधेच दार उघडले की यंत्रणा जागी होते आणि निरीक्षणच निरीक्ष्याला बिघडवते. म्हणून दाराची कडी आधीच हाताने बसवून ठेवतात.

अभावाचे ज्ञान हा याहून कठीण भाग. मीमांसक कुमारिल भट्टाने अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणे, हे स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानले. नैयायिकांच्या मते अभाव इंद्रियांनीच कळतो. पण एका अटीवर दोघांचे एकमत आहे: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असे ठरत नाही. मल्टीमीटर वायरमधून जवळजवळ प्रवाहच ओढत नाही. त्यामुळे आतून कुजून एकच तार शिल्लक राहिलेली वायरसुद्धा त्याच्यावर पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. ‘वायरमध्ये दोष आढळला नाही’ हे विधान इथे पोकळ आहे, कारण दोष दिसण्याजोगी स्थितीच नव्हती. दिवा लावून किंवा सेल्फ फिरवत ठेवून त्याच वायरच्या दोन टोकांमधला व्होल्टेजचा फरक मोजला, म्हणजे दोष उघडा पडतो.

गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर हा शब्दप्रमाणाचा, म्हणजे दुसऱ्याच्या साक्षीवरून होणाऱ्या ज्ञानाचा, विषय. असे कोड नोंदवणारी ओबीडी-२ पद्धत अमेरिकेत १९९६ पासून सक्तीची झाली; आज भारतातल्या मोटारींतही तिचे पोर्ट बहुधा स्टिअरिंगखाली सापडते. स्कॅनरवर पी०१७१ हा कोड आला की अनेक ठिकाणी ऑक्सिजन सेन्सर बदलतात. कोड एवढेच सांगतो की इंधनाच्या मानाने हवा जास्त आहे. फाटलेल्या नळीतून हवा आत शिरत असेल किंवा इंधनाचा दाब कमी असेल, तर सेन्सर अचूक बोलला. त्याला बदलणे म्हणजे खरी साक्ष देणाऱ्यालाच शिक्षा करणे. यंत्राने जेवढे सांगितले तेवढेच प्रमाण. त्यापुढचे अनुमान ऐकणाऱ्याचे असते आणि जबाबदारीही त्याचीच.

अंदाजाने गाडी सुरू झाली तर बिघडले कुठे, असा आक्षेप येतो. बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाने नेमका हाच पेच टाकला: मुठीत किती कवड्या आहेत हे कुणी उगाच ‘पाच’ म्हणून सांगितले आणि त्या पाचच निघाल्या, तर त्याला ज्ञान म्हणायचे का? नैयायिक यशस्वी कृतीला ज्ञानाची खूण मानतात, त्यामुळे हा आक्षेप त्यांना झोंबणारा आहे. गाडीपुरते उत्तर स्पष्ट देता येते. यश ही खूण खरी, पण बिघाड पुन्हा उद्भवला की आंधळ्या यशाची किंमत कळते. फ्यूज वारंवार उडतो म्हणून जास्त अँपिअरचा फ्यूज घालणारा त्या दिवशी यशस्वीच ठरतो. वायर तापून जळते ती नंतर. उडालेला फ्यूज हे कारण कधीच नव्हते, तो परिणाम होता.

कधी येणारा आणि कधी न येणारा दोष यात सर्वांत अवघड. गाडी गॅरेजमध्ये असताना तो प्रकटच होत नाही. अशा वेळी ‘कारण अजून ठरलेले नाही’ हे वायरमनचे उत्तर अज्ञानाचे लक्षण समजले जाते, ते अन्यायाचे आहे. न्यायसूत्रकार गौतमाने आपल्या सोळा पदार्थांत, म्हणजे विचाराच्या विषयांत, संशयाला मानाचे स्थान दिले, निर्णयाला त्याच्या पुढे ठेवले. संशय सांगणारा वायरमन विश्वासाला अधिक पात्र आहे. गाडीच्या मालकाने त्याला वेळ द्यावा, आणि कोणताही भाग बदलण्यापूर्वी व बदलल्यानंतर मीटरवर काय आकडा आला, तो बिलावर लिहून मागावा.