रक्त काढण्याआधी

‘कारण अज्ञात.’ या दोन शब्दांपाशी मी अडतो. अज्ञात कुणाला?

तिकडं मध्य अमेरिकेत, निकाराग्वातल्या चिचिगाल्पा भागात, ऊस तोडणारी तरणीताठी माणसं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली. ना मधुमेह, ना जुना रक्तदाब. शेजारच्या एल साल्वादोरमधल्या डॉक्टरांनी २००२ साली अशा रोग्यांची नोंद छापली. मग संशोधक आले. ऊन, शोष, फवारे, जड धातू असा वाद सुरू झाला. तो अजून मिटलेला नाही. जास्तीत जास्त बोटं मात्र उन्हातल्या काबाडाकडं वळलीत.

मजुरी टनावर. सावलीला बसलं, की तेवढा ऊस कमी. हे गणित मला कुणी शिकवायला नको. आमच्याकडं उचल घेतलेल्या कोयत्याचंही तेच.

खरा पेच पुढंच आहे. रक्त तपासलं, क्रिएटिनिन वाढलेलं निघालं, की कारखान्यानं माणूस कामावरून वगळला. मग तोच माणूस दुसऱ्याच्या नावावर, ठेकेदाराच्या हाताखाली पुन्हा फडात उतरला. रोग सापडला अन् भाकरी हरवली. सत्य शोधलंच पाहिजे. पण त्याची किंमत रक्त देणाऱ्यानंच का मोजायची?

शंका घेणं हे विज्ञानाचं कामच. पण पाणी, सावली, विसावा द्यायला कसला पुरावा पाहिजे? तहान तर सिद्धच आहे.

संमतीच्या कागदावर अंगठा घेता ना? मग तिथंच लिहा : निकाल वाईट आला, तर उद्या याची चूल कोण पेटवणार?