राजीनामा कोणी मागितला?

२९ फेब्रुवारी २००४ च्या पहाटे हैतीचे राष्ट्राध्यक्ष ज्याँ-बर्त्राँ आरिस्तीद पत्नीसह पोर्ट-ओ-प्रिन्सच्या विमानतळावर अमेरिकेने ठरवलेल्या एका विमानात चढले. विमान उडाले तेव्हा ते कुठल्या देशात उतरणार हेही नक्की झालेले नव्हते. अँटिग्वात इंधन भरून, अटलांटिक ओलांडून ते मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाची राजधानी बांगी येथे उतरले. १ मार्चला आरिस्तीदांनी अमेरिकी काँग्रेसच्या सदस्य मॅक्सिन वॉटर्स यांना फोनवर सांगितले, की आपण राजीखुशीने निघालेलो नाही, आपल्याला पळवून आणले आहे आणि घडला तो सत्तापालट आहे. परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी हे साफ नाकारले. आरिस्तीद स्वेच्छेने विमानात चढले, असे त्यांचे म्हणणे होते.

३ मार्चला प्रतिनिधीगृहाच्या पश्चिम गोलार्ध उपसमितीसमोर त्या विभागाचे सहायक परराष्ट्रमंत्री रॉजर नोरिएगा उत्तरे द्यायला बसले. अध्यक्षस्थानी रिपब्लिकन पक्षाचे कॅस बॅलेंजर होते. वॉटर्स आणि चार्ल्स रेंजेल या समितीचे सदस्य नसतानाही प्रश्न विचारायला आले होते. त्यांच्यासह ब्लॅक कॉकसच्या, म्हणजे काँग्रेसमधल्या कृष्णवर्णीय सदस्यांच्या गटाच्या, सदस्यांनी नोरिएगांना धारेवर धरले. मात्र प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटे, हा तिथला रिवाज. पाच मिनिटांत प्रश्न मांडायचा, अधिकाऱ्याने लांबवलेले उत्तर मध्येच थांबवायचे आणि पुन्हा मूळ मुद्द्यावर यायचे. मुरलेल्या अधिकाऱ्याला हा वेळ कसा खर्ची घालायचा ते चांगले कळते.

त्या दिवशी सगळी झटापट एका प्रश्नाभोवती झाली: आरिस्तीद स्वतःहून गेले की त्यांना नेले गेले? माझ्या मते तिथेच चौकशीचा पाय घसरला. हा प्रश्न अधिकाऱ्याच्या सोयीचा आहे. दंडाला धरून कोणी विमानात ढकलले का, एवढेच विचारले तर ‘नाही’ हे उत्तर बिनदिक्कत देता येते आणि ते अक्षरशः खरेही असू शकते. एखाद्याच्या घराची तीन दारे बाहेरून बंद करून चौथ्या दारातून तो आपल्या पायांनी बाहेर पडला असे सांगावे, तसे ते खरेपण आहे. विचारायला हवे होते ते बंद झालेल्या दारांबद्दल.

ती दारे लपलेली नव्हती. १९९० च्या डिसेंबरात सुमारे ६७ टक्के मते घेऊन निवडून आलेल्या या माजी पाद्र्याला सप्टेंबर १९९१ मध्ये लष्कराने हाकलले. १९९४ मध्ये सुमारे २० हजार अमेरिकी सैनिकांच्या बळावर ते परतले आणि पुढच्या वर्षी त्यांनी लष्करच मोडीत काढले. त्यामुळे २००४ मध्ये त्यांच्याकडे काही हजारांचे, कच्च्या तयारीचे पोलीसदल तेवढे उरले होते. ५ फेब्रुवारीला गोनाईव्ह शहरात बंड सुरू झाले. माजी पोलीस अधिकारी गी फिलिप आणि जुन्या निमलष्करी टोळीचे म्होरके लुई-जोदेल शाम्ब्लँ बंडखोरांच्या पुढे होते. २२ तारखेला काप-आइसियन हे देशातले दुसरे मोठे शहर पडले. त्याच्या आदल्या दिवशी कॅरिबियन देशांच्या संघटनेने, कॅरिकॉमने, पुढे केलेली सत्तावाटपाची योजना आरिस्तीदांनी मान्य केली होती. तिच्यानुसार ते मुदत संपेपर्यंत राष्ट्राध्यक्ष राहणार होते आणि पंतप्रधान सर्वसहमतीचा येणार होता. विरोधकांनी ही योजना धुडकावली.

पुढचा आठवडा बारकाईने पाहावा असा आहे. २५ फेब्रुवारीला अध्यक्ष बुश यांनी जाहीर केले, की समुद्रमार्गे येणाऱ्या हैतीच्या निर्वासितांना तटरक्षक दल माघारी पाठवेल. २६ ला सुरक्षा परिषदेत कॅरिकॉमने ताबडतोब आंतरराष्ट्रीय फौज पाठवण्याची विनंती केली. परिषदेने हात आखडता घेतला, कारण आधी राजकीय तडजोड हवी होती. २८ ला व्हाइट हाऊसने निवेदन काढून आरिस्तीद राज्य करायला योग्य आहेत का यावरच शंका घेतली. २९ च्या पहाटे ते गेले. त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाचे प्रमुख बोनिफास अलेक्झांद्र यांचा शपथविधी झाला आणि रात्र संपायच्या आत सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १५२९ एकमताने मंजूर करून बहुराष्ट्रीय फौजेला परवानगी दिली. निवडून आलेला माणूस खुर्चीवर असताना जी फौज तीन दिवसांपूर्वी पाठवता येत नव्हती, ती तो गेल्यावर काही तासांत पाठवता आली. नोरिएगांपुढे या दोन तारखा ठेवून विचारायला हवे होते: २६ तारखेच्या बैठकीत आपल्या प्रतिनिधीला काय सूचना होत्या? कोणी दिल्या? आरिस्तीद गेले तर फौज येईल, हे २८ तारखेला त्यांच्या कानावर घातले गेले होते का?

आरिस्तीद गेले त्या रात्री अमेरिकी दूतावासातले दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी लुईस मोरेनो आरिस्तीदांच्या ताबार इथल्या घरी गेले होते. त्यांनी राजीनाम्याचे पत्र मागितले, ही गोष्ट त्यांनी स्वतःच पुढे वार्ताहरांना सांगितली. एका देशाच्या निर्वाचित राष्ट्राध्यक्षाकडे परक्या देशाचा वकील राजीनामा मागतो, ही घटना पुरेशी बोलकी आहे. तिच्यापुढे ‘पळवले की नाही’ हा वाद गौण ठरतो.

आरिस्तीदांच्या बाजूचे सगळे उजळ होते असे मी म्हणणार नाही. मे २००० च्या संसदीय निवडणुकीत सेनेटच्या काही जागांची मतमोजणी चुकीच्या पद्धतीने झाली, यावर अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेने बोट ठेवले होते. त्यांच्या नावाने वस्त्यावस्त्यांत दहशत घालणाऱ्या सशस्त्र टोळ्या होत्या आणि विरोधी मोर्चांवर हल्ले झाले होते. हैतीतले विद्यार्थी आणि पूर्वी त्यांच्या बाजूचे असलेले विचारवंतही त्यांच्यापासून दुरावले होते. पण याच मतमोजणीचे निमित्त करून आंतर-अमेरिकी विकास बँकेची सुमारे १४ कोटी ६० लाख डॉलरची कर्जे अमेरिकेच्या दबावामुळे अडकून पडली. ती पिण्याच्या पाण्यासाठी, आरोग्यासाठी, शाळांसाठी आणि रस्त्यांसाठी होती. सरकार नालायक ठरवायचे आणि ते लायक होऊ शकेल असा पैसाही रोखायचा, या धोरणाला कुठल्याच समितीने नीट हात घातला नाही. दारे बंद होण्याची सुरुवात इथून आहे.

अमेरिकी संसदेला अशी चौकशी जमतच नाही असे नाही. ७ फेब्रुवारी १९७३ रोजी सीआयएचे नुकतेच पायउतार झालेले संचालक रिचर्ड हेल्म्स सेनेटच्या परराष्ट्र समितीपुढे होते. सेनेटर स्टुअर्ट सिमिंग्टन यांनी थेट विचारले, की तुमच्या संस्थेने चिलीतले सरकार उलथण्याचा प्रयत्न केला का? हेल्म्स नाही म्हणाले. सात महिन्यांनी, ११ सप्टेंबरला, साल्वादोर आयेंदे यांचे सरकार पाडले गेले आणि आयेंदे राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात मरण पावले. सिमिंग्टन यांचा प्रश्न बिनचूक होता आणि वेळेवरही होता, पण हातात कागद नसल्यामुळे तो फुकट गेला. १९७५ मध्ये सेनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने सीआयएच्या तारा, टिपणे आणि बैठकांच्या नोंदी मागवल्या, स्वतंत्र संशोधक नेमले आणि चिलीबद्दलचा अहवाल छापला. १९७० मध्ये आयेंदे यांनी शपथ घेऊ नये म्हणून काय काय खटपटी झाल्या, हे त्यात आले. १९७७ मध्ये त्या साक्षीबद्दल हेल्म्स न्यायालयात उभे राहिले. दोन हजार डॉलर दंड झाला आणि दोन वर्षांची कैद स्थगित राहिली. त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांनी वर्गणी काढून तो दंड भरला. शिक्षा नावापुरतीच होती, पण अहवाल राहिला. आज चिलीतला कोणीही तो वाचू शकतो.

हैतीच्या वाट्याला हे आले नाही. काँग्रेसच्या सदस्य बार्बरा ली यांनी त्याच मार्चमध्ये स्वतंत्र चौकशी आयोगासाठी विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. कॅरिकॉमने संयुक्त राष्ट्रांमार्फत चौकशीची मागणी केली. तीही झाली नाही. ‘पळवले’ या शब्दावर दोन्ही बाजू इतक्या अडल्या, की आरिस्तीदांचा फोन खोटा ठरवला की प्रकरण मिटले, असे अमेरिकी सरकारला मानता आले.

मे २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हैतीने फ्रान्सला भरलेल्या खंडणीवर मोठी लेखमाला छापली. गुलामांनी बंड करून १८०४ मध्ये मिळवलेल्या स्वातंत्र्याची किंमत म्हणून १८२५ मध्ये फ्रान्सने लढाऊ जहाजांच्या धाकावर १५ कोटी फ्रँक मागितले होते. २००३ मध्ये आरिस्तीदांनी त्या रकमेची परतफेड मागितली: २१ अब्ज ६८ कोटी ५१ लाख ३५ हजार ५७१ डॉलर आणि ४८ सेंट. फ्रान्सचे तेव्हाचे राजदूत थिएरी ब्युर्कार यांनी टाइम्सला सांगितले, की आरिस्तीदांना घालवणे हा फ्रान्स आणि अमेरिकेने मिळून घडवलेला सत्तापालटच होता आणि त्यामागे परतफेडीच्या मागणीचाही थोडा संबंध असावा. हे उत्तर अठरा वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, पत्रकारांना मिळाले. दोन्ही देशांच्या संसदा तेव्हाही भरत होत्या आणि अधिकारी तेव्हाही पगारी होते.

मला यात सर्वात जास्त खुपते ते असे. पोर्ट-ओ-प्रिन्सच्या झोपडपट्टीतल्या ज्या बाईने आरिस्तीदांना मत दिले, तिला नोरिएगांना प्रश्न विचारायला जागा नव्हती. हैतीच्या संसदेची मुदत जानेवारीतच संपली होती. तिच्या मताचे काय झाले हे विचारू शकेल असे एकमेव निर्वाचित सभागृह वॉशिंग्टनमध्ये होते आणि तिथल्या कोणालाही तिचे मत मिळवायचे नव्हते. ब्लॅक कॉकसच्या सदस्यांनी तिच्या वतीने पाच-पाच मिनिटे भांडून दाखवले, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. पण परदेशात आपल्या अधिकाऱ्यांनी काय केले याची चौकशी मूठभर सदस्यांच्या तळमळीवर सोडून चालत नाही.

हा विषय आता आपल्या उंबऱ्यावरही आला आहे. ५ ऑगस्ट २०२४ रोजी बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना ढाका सोडून भारतात आल्या. दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी संसदेत निवेदन केले, की सुरक्षा यंत्रणांच्या प्रमुखांशी बोलून हसीना यांनी राजीनामा दिलेला दिसतो आणि अगदी ऐनवेळी भारतात येण्याची परवानगी मागितली. पुढे ऑक्टोबरात बांगलादेशचे राष्ट्राध्यक्ष मोहम्मद शहाबुद्दीन यांनी राजीनाम्याचा कागद आपल्याकडे नाही असे एका संपादकाला सांगितल्याचे छापून आले आणि ढाक्यात नवे वादळ उठले. तिथे लाखो विद्यार्थी रस्त्यावर होते आणि शेकडो माणसे मारली गेली होती, त्यामुळे हैतीशी याची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. पण आपल्या सरकारला काय, कधी आणि कोणाकडून कळले, हे विचारण्याचा हक्क आपल्या संसदेचा आहे. शशी थरूर यांच्या अध्यक्षतेखालील परराष्ट्र व्यवहार समितीपुढे परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री डिसेंबर २०२४ मध्ये बांगलादेशच्या विषयावर आले, पण बैठक बंद दाराआड झाली. मंत्र्याला या समितीपुढे साक्षीला बोलावले जात नाही, सचिव येतात. लोकसभेच्या नियम २७० नुसार समिती कागदपत्रे मागवू शकते, पण राज्याच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाध येईल असे सांगून सरकार ती नाकारू शकते.

समाजवादी खासदार मधू लिमये लोकसभेत उठले की मंत्री सावध होत, कारण त्यांच्या हातात नियमावली आणि सरकारचाच एखादा कागद असे. संसदेच्या दरबारी शिस्तीत राहूनही सरकारला कोंडीत पकडता येते, हे त्यांनी दाखवले. समितीच्या बंद दाराला माझा विरोध नाही, कारण अधिकारी तिथे मोकळेपणाने बोलतात. विरोध आहे तो त्या दारामागची शब्दशः नोंद अनिश्चित काळासाठी कुलुपात ठेवण्याला. ठरावीक वर्षांनी, अपवाद वगळून, ती नोंद खुली करण्याचा नियम संसदेला स्वतः करता येईल. त्यासाठी सरकारची परवानगी लागत नाही.