दोन तारखांमधली जागा

बालाघाटला आमच्या गल्लीत एक ख्रिस्ती कुटुंब राहतं. मूळचं विदर्भातलं. रविवारची उपासना हिंदीत होते, घरातलं पवित्र शास्त्र मात्र मराठी. त्या घरच्या आजी गेल्या, आणि काही दिवसांनी सुनेने त्यांचं शास्त्र मला बघायला दिलं. पुठ्ठा सुटलेला. स्तोत्रसंहितेच्या पानांच्या कडा बोटं लागून लागून काळवंडलेल्या. पहिल्या कोऱ्या पानावर निळ्या शाईत घरातल्या तारखा होत्या. जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू. बऱ्याच ख्रिस्ती घरांत अशी नोंद ठेवतात. सरकारी दाखले हरवतात, हे पान सहसा हरवत नाही.

आजींच्या नावापुढे लग्न आधी होतं, बाप्तिस्मा काही वर्षांनी. नातवंडांना हे ठाऊकच नव्हतं.

नवल नाही. नातवंडांना आजी भेटते तेव्हा तिची श्रद्धा तयार झालेली असते. पहाटे उठून डोक्यावर पदर घेऊन बसलेली, एकेका पोराचं नाव घेऊन प्रार्थना करणारी बाईच त्यांनी पाहिलेली असते. ती अशीच जन्मली, असं त्यांना वाटतं. तीही काही बोलत नाही. त्या दोन तारखांच्या मधे काय झालं, हे पानावर लिहायची रीत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांनी ते लिहून ठेवलं. त्यांच्या आयुष्यातही अशा दोन तारखा आहेत. पती, कवी नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा मुंबईत 10 फेब्रुवारी 1895 रोजी झाला. लक्ष्मीबाईंचा 1900 साली. मधली पाच वर्षं त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहेत.

टिळकांची गोष्ट आमच्या भागातून जाते. 1893 साली ते नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. गाडीत एका गोऱ्या माणसाशी कवितेवर, धर्मावर बोलणं झालं. त्याने नवा करार हातात ठेवला आणि म्हटलं, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. ती गाडी गोंदियावरूनच गेली असणार. आमच्या गावाहून जेमतेम तासा-दीड तासाच्या वाटेवर. टिळकांविषयी बोलणारे ही गोष्ट आवर्जून सांगतात. सांगायला सोयीची आहे. एक प्रवास, एक पुस्तक, दोन वर्षं.

लक्ष्मीबाईंच्या वाट्याला अशी गाडी आली नाही. त्यांचा जन्म 1868चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा, गोखल्यांच्या घरातला. वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुवून घ्यायचं. स्पर्शाची भीती लक्ष्मीबाईंनी बाळपणीच शिकून घेतली होती. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळलं. नातलगांनी सांभाळलं. मुलाला घेऊन त्या वेगळ्या राहिल्या. पुढे अहमदनगरला नवऱ्याजवळ आल्या, तरी सोवळं सुटलं नाही. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. दोघांचं प्रेम होतं, भांडणंही भरपूर होती, आणि मधे पाण्याचं भांडं होतं.

मग राहुरीला त्यांच्या मनात विचार सुरू झाला. माणसामाणसांतले हे भेद देवाने केले की माणसांनी? कुणी प्रवचन दिलं नव्हतं. प्रश्न त्यांचा, उत्तरही त्यांचंच. भेद माणसांनी केले, असं एकदा ठरल्यावर त्या कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा. आधी शिवाशिव गेली, मग श्रद्धा आली. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. पुष्कळांचं उलटं होतं. श्रद्धा येते, आणि भांडं वेगळंच राहतं.

‘स्मृतिचित्रे’ वाचणारे त्यातल्या विनोदावर लुब्ध असतात, आणि ते बरोबरच आहे. स्वतःच्या फजितीवर इतकं मोकळं हसणारी बाई मराठीत क्वचितच सापडेल. पण मला त्या ‘नाही’ म्हणण्याच्या वर्षांतच अधिक भक्ती दिसते. ज्याला ती नाही म्हणत होती, त्याचा विचार तिने एक दिवसही सोडला नव्हता.

आमच्या शेजारच्या आजींनीही कधी कुणाला नाही म्हटलं असेल. नवऱ्याला, सासूला, कदाचित देवाला. लग्न होऊन आलेल्या मुलीला घरातली प्रार्थना पहिल्या दिवशी परकीच वाटली असेल. डोळे मिटायचे, पण मनात माहेरचा देव्हारा. किती दिवस, ते पानावरून कळत नाही. आता विचारायलाही कुणी नाही. सून म्हणाली, “आई कधी बोलल्याच नाहीत हो. आम्हीही विचारलं नाही.”

लक्ष्मीबाईंना विचारणारं माणूस घरात होतं. मुलगा देवदत्त याला वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी हव्या होत्या. आई लिहायला बसली. शाळेचं शिक्षण नाही, जोडाक्षरांशी झगडा. नवऱ्याच्या आठवणी लिहिता लिहिता तिचंच आयुष्य कागदावर उतरलं. टिळक 1919 साली गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अर्धंही झालं नव्हतं. पुढचे 64 अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. ज्या नावाने एके काळी घर मोडलं होतं, त्याच नावाचं काव्य तिने पुरं केलं.

24 फेब्रुवारी 1936 रोजी त्या गेल्या. ‘स्मृतिचित्रे’चा चौथा भाग तेव्हा बाहेर यायचा होता. तो मुलाने पुरा केला. पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी आजीच्या पुस्तकाची संपादित आवृत्ती तयार केली. म्हणजे आजोबांच्या घरात आजीने आपलं पाणी वेगळं ठेवल्याचं ज्या पानांवर होतं, ती पानं नातवाच्या हाताखालून गेली. संपादकाची लेखणी हातात होती. त्यांनी ती पानं तशीच राहू दिली.